कवडशातून मोजलेलं चुंबकत्व

मी मोजलेलं पहिलं चुंबकत्व एका स्क्रूचं निघालं.

एम.एस्सी. झाल्यावर एका प्रयोगशाळेत हाताखाली काम शिकत होतो. सिलिकॉनच्या चकचकीत तुकड्यावर लोखंडाचा अतिशय पातळ थर चढवलेला होता आणि त्या थराचं चुंबकत्व मोजायचं काम माझ्या वाट्याला आलं. पद्धत ऐकून आधी गंमतच वाटली. नमुन्यावर लेसरचा किरण पाडायचा, आरशावरून कवडसा पडावा तसा तो परत येतो, आणि त्या परत आलेल्या उजेडात काय बदललंय ते बघायचं. दोन रात्री जागून मी आलेख काढला. फुलपाखराच्या पंखांसारखी सुरेख आकृती आली. सकाळी सरांना दाखवली. हातातला चहाचा कप खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "चुंबकाची दिशा उलटी केल्यावर सिग्नलही उलटा व्हायला नको? तुझा तर दोन्हीकडे वरच चाललाय."

नमुना धरणाऱ्या होल्डरला एक साधा लोखंडी स्क्रू होता. चुंबकाचा जोर वाढवला की तो स्क्रू जवळच्या ध्रुवाकडे ओढला जायचा, होल्डर केसभरसुद्धा नाही इतका वाकायचा आणि उजेडाचा ठिपका डिटेक्टरवरून जरासा सरकायचा. लोखंडाला काय, समोर उत्तर ध्रुव आला काय आणि दक्षिण आला काय, ते ओढलंच जातं. म्हणून दोन्हीकडे सिग्नल वर. दोन रात्री मी स्क्रूची कुंडली मांडत बसलो होतो.

दिवाळीला बेळगावला घरी आलो तेव्हा खिशात नव्या होल्डरचं ड्रॉइंग होतं. उद्यमबागेत मामांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक जुना सरफेस ग्राइंडर. त्यांना म्हटलं, "अॅल्युमिनियममध्ये करून द्या. स्क्रू पितळेचे. लोखंडाचा कणसुद्धा नको." मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "चुंबकाचं माप घेणार आणि लोखंड चालत नाही? लग्नाला बोलवायचं आणि नवऱ्यालाच मांडवात सोडायचं नाही, त्यातली गत झाली की रे."

त्या संध्याकाळी मामांना जे सांगितलं, आणि जे तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहितोय.

आधी तो थर किती पातळ, ते. मामा बेअरिंगच्या बोअरचं काम करतात आणि "दहा मायक्रॉनच्या आत बसवतो" हे अभिमानाने सांगतात, ते खरंही आहे. माझ्या नमुन्यावरचा थर 10 नॅनोमीटरचा होता, म्हणजे मामांच्या दहा मायक्रॉनचा हजारावा भाग. लोखंडाचे अणू एकावर एक रचले तर साधारण सत्तर मजल्यांची इमारत. असे थर निर्वात पेटीत धातूची वाफ करून किंवा आयनांचा मारा करून अणू उडवून चढवतात. आमच्याकडची भौतिकशास्त्राची बरीच पोरं ज्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जातात तिथेही थिन फिल्मची, म्हणजे असल्या पातळ थरांची, जुनी परंपरा आहे, पण तिथला बराच भर रासायनिक द्रावणातून फिल्म काढण्यावर आणि सौरघट, सेन्सर असल्या कामांवर. चुंबकी फिल्म हे वेगळं घराणं.

आता अडचण बघा. एक सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, 10 नॅनोमीटर जाडीचा लोखंडाचा थर म्हणजे वजन सुमारे 8 मायक्रोग्रॅम. तो बसलाय अर्धा मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉनवर, ज्याचं वजन भरतं 117 मिलिग्रॅमच्या आसपास. जवळजवळ पंधरा हजार पट. कारखान्याच्या वजनकाट्यावर वीस टन उसाचा ट्रॅक्टर उभा करायचा आणि त्यातल्या एका सव्वा किलोच्या उसाचं वजन सांगायचं, असा हा मामला. सगळा नमुना हलवून शेजारच्या वेटोळ्यात उमटणारी वीज मोजणारी यंत्रं आहेत आणि ती उत्तम काम करतात. पण ती काट्यासारखी आहेत, जे ठेवाल ते सगळं मोजणार. सिलिकॉनचा स्वतःचा क्षीण उलटा प्रतिसाद त्यात येतो, तो हिशेबाने वजा करावा लागतो. नमुना स्टीलच्या चिमट्याने उचलला आणि चिमट्याचे चार कण कडेला चिकटले तर तेही मोजले जातात. सिलिकॉनच्या बिनचुंबकी तुकड्यात 'चुंबकत्व सापडलं' म्हणून हुरळून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. शेवटी चिमटा सापडायचा.

उजेडाची गोष्ट निराळी. धातूत तो फार आत शिरूच शकत नाही. लाल लेसरचा किरण लोखंडात 10 ते 20 नॅनोमीटर गेला की बराचसा विरून जातो. परत येणारा उजेड खबर आणतो ती वरच्या या थराचीच, आणि तीही जिथे ठिपका पडलाय तेवढ्याच जागेची. खालचं सिलिकॉन या हिशेबात जवळजवळ येतच नाही.

पण उजेडाला चुंबकत्व कळतं कसं? इथे मामांचा कॅल्क्युलेटर कामाला आला.

टेबलावर त्यांचा जुना कॅल्क्युलेटर होता, बिलं करायचा. माझ्याकडे पोलराइज्ड गॉगल होता. गॉगलची एक काच कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर धरली आणि हळूहळू फिरवली. आकडे दिसत होते, मग पडदा करडा झाला, मग काळाठिक्कर. आणखी फिरवल्यावर आकडे परत आले. मामांनी गॉगल हातात घेऊन तीन-चारदा करून बघितलं. लेथवरचा पोरगाही हात पुसत येऊन उभा राहिला.

उजेड ही लाट आहे आणि तिचं हलणं तिच्या वाटेला आडवं असतं. दोरी एका टोकाला खिळ्याला बांधून दुसरं टोक वर-खाली हलवलं तर लाट पुढे जाते पण दोरी वर-खालीच हलते, डावी-उजवीकडे हलवलं तर त्या दिशेने. बल्बच्या किंवा सूर्याच्या उजेडात सगळ्या दिशांची हालचाल कालवलेली असते. ती एकाच दिशेत राहिली की त्याला पोलराइज्ड म्हणायचं. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर तसली फिल्म चिकटवलेली असते, म्हणून बाहेर येणाऱ्या उजेडाची दिशा ठरलेली. गॉगलची काचही एकाच दिशेला वाट देते. दोन्ही जुळल्या तर उजेड, काटकोनात आल्या तर अंधार.

परावर्तन आणि पोलरायझेशन यांचं नातं याहून जुनं. 1808 साली एत्येन मालू हा फ्रेंच माणूस पॅरिसमधल्या घरातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेलं मावळतीचं ऊन एका कॅल्साइटच्या स्फटिकातून बघत होता. स्फटिक फिरवला तसा त्या उन्हाचा उजेड कमी-जास्त होताना त्याला दिसला. काचेवरून परत आलेलं ऊन पोलराइज्ड झालं होतं. हेच आपल्या किल्ला तलावावर बघायला मिळतं. ऊन पाण्याशी साधारण 37 अंशांचा कोन करत असताना, सूर्याच्या बाजूला तोंड करून, तशाच तिरप्या नजरेने पाण्यावरची चकाकी गॉगलमधून बघा आणि मान एका खांद्याकडे झुकवा. सरळ मानेला चकाकी गेलेली असते, मान वाकवली की ती परत डोळ्यात घुसते. सर सी. व्ही. रामन 1921 साली विलायतेहून बोटीने परत येताना निकोल प्रिझम जवळ बाळगून होते. समुद्राच्या पाण्यावर आकाशाची जी झाक पडते ती त्यांनी त्या प्रिझमने मारली आणि खालच्या पाण्याचा स्वतःचा निळा रंग पाहिला. आजच्या गॉगलच्या काचेचं काम तेव्हा हा प्रिझम करायचा.

आणि असल्याच प्रिझमच्या जोडीने आपली मूळ गोष्ट घडली. 1845 साली मायकेल फॅरडेने शिसं घातलेल्या जड काचेतून पोलराइज्ड उजेड सोडला, काच जबरदस्त चुंबकात ठेवली, आणि उजेडाची दिशा किंचित वळलेली त्याला सापडली. उजेड आणि चुंबक यांचा काही संबंध आहे याचा तो पहिला पुरावा. पुढे ग्लासगोमध्ये जॉन केर नावाचे एक धर्मोपदेशक शिक्षकांच्या कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांनी विद्युतचुंबकाचा ध्रुवच आरशासारखा पॉलिश केला, त्यावर पोलराइज्ड उजेड पाडला, समोर दुसरा प्रिझम आडवा लावून अंधार केला, आणि मग चुंबक चालू केला. अंधारात अगदी पुसट उजेड उगवला. 1876 साली त्यांनी हे जाहीर केलं, 1877 साली छापलं. घरोघर विजेचे दिवे यायच्या आधीचा काळ, लेसर तर सोडूनच द्या. डोळ्यांनी, अंधारात बसून पाहिलेली गोष्ट आहे ही. तिला केर परिणाम म्हणतात आणि या मोजमापाच्या पद्धतीला 'मॅग्नेटो-ऑप्टिक केर इफेक्ट' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे 'मोक' म्हणतात. प्रयोगशाळेत "आज मोकवर कोण बसलंय?" असंच विचारतात.

उजेड वळतो म्हणजे काय होतं, हे मला स्वतःला बरेच दिवस उमगलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या पिंपळाच्या पाराने ते सोडवलं.

समजा दोन पोरं पाराभोवती धावतायत. एक प्रदक्षिणेच्या दिशेने, दुसरा उलट. दोघांचा वेग सारखा. ती कुठे भेटतील? दर फेरीत दोनदा, आणि नेहमी त्याच दोन जागी, पाराच्या समोरासमोरच्या कडांना. समजा देवळाच्या बाजूला एकदा आणि नळाच्या बाजूला एकदा. या दोन जागा जोडणारी रेघ म्हणजे पोलरायझेशनची दिशा. गणितात नेमकं हेच आहे. सरळ रेषेत हलणारा उजेड म्हणजे दोन गोल फिरणाऱ्या उजेडांची बेरीज, एक उजवा आणि एक डावा.

आता उजव्या पोराला वाटेत कुणीतरी क्षणभर अडवलं. तो पुन्हा त्याच वेगाने धावू लागला, पण आता भेटीची जागा सरकली. देवळाच्या जरा अलीकडे एक भेट, नळाच्या जरा पलीकडे दुसरी. रेघ वळली. चुंबकी धातूत असंच होतं. त्यातल्या उजव्या आणि डाव्या उजेडाला सारखी वागणूक मिळत नाही. एकाला परावर्तन होताना किंचित जास्त उशीर होतो, म्हणून परत येताना दिशा वळलेली असते. आणि एक पोर दमून आखूड चालीने, आतल्या बाजूने धावू लागलं, म्हणजे एका उजेडाची ताकदच कमी झाली, तर भेटीची रेघ रेघ न राहता लांबट अंडाकृती होते. प्रत्यक्षात दोन्ही थोडं थोडं होतं. चुंबकत्वाची दिशा उलटी केली की अडवला जाणारा पोरगाही बदलतो, आणि रेघ उलट्या बाजूला वळते. माझ्या फुलपाखरात नेमकं हेच नव्हतं.

ही वागणूक वेगळी का? चुंबक उजेडाला ओढतो असं मुळीच नाही. लोखंडाचं चुंबकत्व येतं इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून, त्याच्या अंगच्या भोवऱ्यातून म्हणा. उजेडाची लाट मात्र स्पिनला जवळपास ओळखतच नाही, ती इलेक्ट्रॉनच्या जागेवरून हलण्याला ढकलते. दोघांची ओळख करून देणारा मध्यस्थ लागतो आणि तो असतो इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा आणि त्याच्या कक्षेतल्या फिरण्याचा आपसातला संबंध, म्हणजे स्पिन-ऑर्बिट कपलिंग. स्पिन एका बाजूला झुकले की त्या संबंधामुळे इलेक्ट्रॉनचं उजवं-डावं फिरणं सारख्या भावाने होत नाही, आणि उजेडाच्या उजव्या-डाव्या लाटेला ते जाणवतं. हा धागा 1932 साली ह्यूम यांनी पकडला आणि पूर्ण सिद्धांत अर्गायरेस यांनी 1955 साली मांडला. केर यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या पुसट उजेडाचा पुरता अर्थ लागायला जवळजवळ ऐंशी वर्षं गेली.

वळतो तो किती? जाड लोखंडावर, चुंबकत्व पृष्ठभागाला उभं असेल तर जेमतेम अर्धा अंश. पातळ थरात, चुंबकत्व थराच्या पातळीत आडवं पडलेलं असेल तर अंशाचा शंभरावा भाग, कधी त्याहूनही कमी. घड्याळाचा मिनिटकाटा सेकंदाला अंशाचा दहावा भाग सरकतो. म्हणजे तो सेकंदाच्या दहाव्या भागात जेवढा सरकेल तेवढं वळण आपल्याला पकडायचंय. मामा म्हणाले, "हे दिसायचं कसं?"

याचं उत्तर म्हणजे या पद्धतीतली सगळ्यात देखणी खोच आहे, आणि माझ्या मते पुस्तकं ती फार घाईत सांगून टाकतात.

जूनमध्ये जांबोटी-कणकुंबीकडे काजवे बघायला जातो तेव्हा आपण मोटारीचे दिवे आधी बंद करतो. काजवा दुपारीही लुकलुकला तरी कोण बघणार? इथेही तेच. परत आलेला उजेड ज्या पोलराइजरमधून, म्हणजे गॉगलसारख्या एकाच दिशेला वाट देणाऱ्या काचेतून, बघायचा, ज्याला अॅनालायझर म्हणतात, तो उघडा ठेवला, समजा अर्धा उजेड येऊ देणाऱ्या 45 अंशांवर, तर 0.01 अंशाच्या वळणाने उजेडात फरक पडेल फक्त 0.035 टक्के. लेसर स्वतःच त्याहून जास्त डुलतो. मग अॅनालायझर पूर्ण आडवा करून अंधार करावा? गणित केलं तर 0.01 अंशाच्या वळणाने त्या अंधारात उजेड येईल मूळच्या 10 कोटी भागांतले 3 भाग. इतक्या निर्दोष काचाच नसतात, त्यांतून झिरपणारा उजेड याच्या कितीतरी पट असतो. शिवाय वळण उजवीकडे असो की डावीकडे, उजेड वाढणारच. दिशा कळणार नाही. केर यांचा डोळा इथवर पोचला होता, त्यांच्याकडे वळण मोठं होतं म्हणून.

खोच अशी की पूर्ण अंधारापासून थोडं सरकायचं. एक अंश. आता मूळच्या उजेडातला दहा हजार भागांतला जेमतेम 3 भाग येतोय, म्हणजे अजून अंधारच म्हणायचा. पण या अंधारात 0.01 अंशाचं वळण एकीकडे झालं तर उजेड 2 टक्क्यांनी वाढतो आणि उलट झालं तर 2 टक्क्यांनी घटतो. 0.035 टक्क्यांचे 2 टक्के झाले आणि दिशाही कळली. वळण तेवढंच आहे, लेसरही तोच. आपण फक्त नको असलेला उजेड बाहेर ठेवला.

बाकी मांडणी साधी आहे. हीलियम-निऑनचा लाल लेसर, 632.8 नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्यापुढे पोलराइजर, मग विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये नमुना, मग अॅनालायझर आणि शेवटी उजेडाची वीज करणारा फोटोडायोड. विद्युतचुंबकातला प्रवाह हळूहळू वाढवायचा, कमी करायचा, उलटा करायचा आणि प्रत्येक पायरीला उजेड टिपायचा. लेसर चालू करून अर्धा तास तापू द्यायचा, खोलीतले दिवे बंद, पंखा बंद, रस्त्यावरून ट्रक गेला तर ते माप पुन्हा घ्यायचं. रात्रीच काम का करतात ते एकदा करून बघितल्याशिवाय कळत नाही.

याहून बारीक वळण पकडायचं तर आणखी एक युक्ती. वाटेत एक स्फटिक असा ठेवायचा जो उजेडाचं पोलरायझेशन सेकंदाला पन्नास हजारदा ठरल्या तालात हलवतो, आणि डिटेक्टरच्या पुढे तो तालच तेवढा ऐकणारं यंत्र, लॉक-इन अॅम्प्लिफायर. गणपतीच्या विसर्जनाला बेळगावात शंभर ढोल एकदम वाजत असतात, पण आपल्या मंडळाचा ठेका ज्याच्या कानात बसलाय त्याला त्या गोंगाटातही तो वेगळा ऐकू येतो. ट्रकची थरथर आणि दिव्यांची लुकलुक वेगळ्या ठेक्यात असते, म्हणून गळून पडते. अशा मांडणीत अंशाच्या हजाराव्या भागाचंही वळण कळतं.

मग आलेख. तो कसा वाचायचा हे समजावायला मला काही करावं लागलं नाही, ते मामांनीच मला समजावलं. त्यांच्या सरफेस ग्राइंडरला मॅग्नेटिक चक आहे. चक चालू केला की जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, जागच्या जागी धरला जातो. चक बंद केल्यावर साध्या एम.एस.चा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, जॉब अलगद सुटतो. पण हार्डन केलेल्या स्टीलचा जॉब चक बंद झाल्यावरही चुंबकासारखाच राहतो, लोखंडाचा कीस धरतो, आणि डीमॅग्नेटायझरवरून फिरवल्याशिवाय गिऱ्हाईक तो घेत नाही. बाहेरचं चुंबक काढून घेतल्यावरही जे उरतं त्याला रेमनन्स म्हणतात, आणि ते पुसायला जो उलटा जोर लावावा लागतो त्याला कोअर्सिव्हिटी. आलेखावर जाणारी वाट आणि येणारी वाट वेगळी पडते आणि मधे एक फट उरते, तीच हिस्टेरिसिस लूप. एम.एस.ची फट अरुंद, हार्डन स्टीलची रुंद. मामा हे चाळीस वर्षं हाताने जाणतात. हार्ड डिस्कच्या थराला रुंद फट हवी, लिहिलेलं पुसलं जाऊ नये म्हणून. सेन्सरमधल्या थराला अरुंद हवी, जरा डिवचलं की वळायला.

नवा होल्डर लावल्यावर मला मिळालेली लूप जवळजवळ चौकोनी होती. जोर वाढत जातो, काहीच होत नाही, काहीच होत नाही, आणि एका ठिकाणी सिग्नल कडेलोट झाल्यासारखा खाली येतो. उलट दिशेने तसाच वर. नमुना त्याच्या जागी 90 अंशांनी फिरवला तर चौकोन वितळून तिरकी रेघ होते. म्हणजे या थराला एक आवडती दिशा आहे आणि एक नावडती. हे फक्त नमुना फिरवून कळतं याचं मला अजूनही अप्रूप आहे.

चुंबकत्व कुठल्या दिशेला आहे यावर मोजणीचे तीन प्रकार पडतात. थराला उभं असेल तर पोलर, पातळीत पण किरणाच्या वाटेबरोबर असेल तर लाँजिट्युडिनल, वाटेला आडवं असेल तर ट्रान्सव्हर्स. शेवटच्यात दिशा वळत नाही, उजेडच किंचित कमी-जास्त होतो. लाँजिट्युडिनलला किरण तिरपा पाडावा लागतो, सरळ पाडला तर काहीच दिसत नाही. आणखी खोलात जायची इथे गरज नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिथे बरेच जण घसरतात. या पद्धतीत चुंबकत्व 'किती' ते कळत नाही. वळण चुंबकत्वाच्या प्रमाणात असतं, पण किती वळणाला किती चुंबकत्व हे धातूवर, उजेडाच्या रंगावर, जाडीवर, थराच्या वर-खाली काय आहे यावर अवलंबून. लूपचा आकार खरा, कुठल्या जोराला उलटते ते खरं, उंचीचा आकडा मात्र मनचा. उभ्या अक्षावर कुणी सरळ 'चुंबकत्व' लिहून त्याला एकक जोडलं असेल तर त्याने ते दुसऱ्या यंत्रावर मोजून घेतलंय ना, हे विचारावं. वजनकाटावाली यंत्रं म्हणूनच अजून कामात आहेत.

तरीही केर यांच्या त्या पुसट उजेडाने बरीच मजल मारली. 1985 साली अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेत मूग आणि बेडर यांनी सोन्यावर चढवलेल्या लोखंडाच्या अणू-दोन अणू जाडीच्या थरांच्या लूप याच पद्धतीने काढल्या. 1992 साली सोनीने बाजारात आणलेल्या मिनीडिस्कवर, ज्यांवर घरी गाणी भरता यायची त्यांवर, वाचणारा लेसर केरचं वळणच वाचत होता. लिहिताना जोराचा लेसर ठिपका तापवायचा आणि चुंबक त्याची दिशा ठरवायचा. आपल्याकडे ती फारशी पोचायच्या आत सीडीने बाजार मारला. 1996 साली फ्रान्समध्ये निकेलच्या पातळ थरावर लेसरचा अतिशय छोटा झटका देऊन त्याचं चुंबकत्व सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आत कोसळताना टिपलं गेलं. एक झटका डिवचायला, दुसरा मागून बघायला. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रात आज अशा वेगवान मोजण्या होतात.

डिटेक्टरच्या जागी कॅमेरा लावला तर चुंबकत्वाचं चित्रच दिसतं. थरात एकाच दिशेचे पट्टे असतात, शेजारी उलट दिशेचे, आणि केरच्या सूक्ष्मदर्शकात ते गडद-फिकट दिसतात. भातलावणीच्या दिवसांत राजहंसगडावर उभं राहिलं तर येळ्ळूरची शेतं अशीच दिसतात, लावलेलं खाचर हिरवं आणि न लावलेलं मातकट, मधे बांधाची रेघ. फरक एवढाच की इथे चुंबकाचा जोर वाढवला की बांध डोळ्यांदेखत सरकतो आणि एक खाचर दुसऱ्याला गिळून टाकतं. कुठेतरी बारीक दोष असतो तिथे बांध अडतो, थबकतो, आणि मग एकदम सुटतो. लूपमधला तो कडेलोट म्हणजे हे सुटणं.

परत जायच्या आदल्या दिवशी होल्डर घ्यायला गेलो. अॅल्युमिनियमचं काम सुबक झालं होतं, कडा मारलेल्या, भोकं चपखल. खडेबाजारातून आणलेले सहा पितळी स्क्रू पुडीत होते. मामांनी ड्रॉवरमधून एका जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं आणि पुडी त्यावर उपडी केली. चार स्क्रू घरंगळून टेबलावर पडले. दोन चिकटले.

"लोखंडाला पितळेचं पाणी दिलंय," मामा म्हणाले.

मी एक स्क्रू चुंबकावरून ओढून काढून नखाने खरवडून बघितला. वरचं पाणी चांगलं काही मायक्रॉनचं असणार, म्हणजे हजारो नॅनोमीटर. माझा लेसर त्यात वीस नॅनोमीटर शिरून मागे फिरला असता आणि सहाच्या सहा पितळेचे म्हणून त्याने निर्वाळा दिला असता. मामांना तसं म्हटलं. त्यांनी खरे चार स्क्रू पुडीत बांधून माझ्या हातात दिले आणि उरलेले दोन त्या स्पीकरच्या चुंबकालाच चिकटवून ठेवले.